पेटीतले कागद आणि पत्रविद्येचा एक शिक्षक

(नंदुरबार येथील एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी पलंगाखाली किंवा माळ्यावर एक पत्र्याची पेटी असते. तिच्यात आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला असतो, जमिनीचा उतारा असतो, एखादे जुने पत्र, एखादा सभेतला फोटो, एखाद्या वर्तमानपत्राचे पिवळे पडलेले कात्रण असते. ती पेटी आपण वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईला उघडतो, आणि त्या दिवशी घरात एक प्रश्न हमखास निघतो : "हे जुने कागद ठेवायचे की रद्दीत द्यायचे?" आजच्या व्याख्यानाचा विषय हाच प्रश्न आहे. मात्र त्याचे उत्तर देण्यासाठी मी आपणांस प्रथम सातासमुद्रापलीकडून नागपूरला आलेल्या एका शिक्षकाची हकीकत सांगणार आहे. त्याचा आपल्या पेटीशी काय संबंध, असे आपणांस वाटेल. तो संबंध मी क्रमाक्रमाने दाखवीन. मी वकील आहे. पुराव्यावाचून विधान करण्याची मला सवय नाही.

या शिक्षकाचे नाव रोलंड वुल्सली. जन्म १९०४ चा, अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरातला. तारुण्यात त्यांनी वृत्तपत्रांत बातमीदार व संपादक म्हणून काम केले, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या पदव्या घेतल्या आणि पुढे त्याच विद्यापीठात पत्रविद्या शिकविली. १९४६ साली ते सिरॅक्यूज विद्यापीठात गेले आणि १९७२ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. दैनिकाची बातमी निराळी व मासिकाचा लेख निराळा, आणि दोहोंचे शिक्षणही निराळे दिले पाहिजे, हे ओळखून मासिकांच्या पत्रकारितेचे शिक्षण तेथे उभारण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९९८ साली, वयाची नव्वदी ओलांडल्यावर, त्यांचे निधन झाले. योगायोग असा की, त्याच वर्षी १ जुलैला आपला नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा होऊन अस्तित्वात आला.

एवढ्यावरून पाहता हा एका परक्या प्राध्यापकाचा साधा जीवनक्रम वाटेल. परंतु त्यात दोन गोष्टी अशा आहेत की, ज्यांच्यामुळे आपण त्यांची आठवण ठेवली पाहिजे. पहिली गोष्ट नागपूरची, आणि दुसरी एका पुस्तकाची.

वर्गाचे दार

१९५२ साली वुल्सली फुलब्राइट योजनेखाली नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले. त्या वेळी नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. हिस्लॉप कॉलेज १८८३ साली स्कॉटलंडच्या मिशनऱ्यांनी काढलेले. तेथे १९५२ मध्ये पत्रविद्येचा विभाग सुरू झाला, तो उभा करण्याचे काम वुल्सलींकडे होते. हिंदुस्थानात त्या काळी अशा विभागांची संख्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. १९४१ साली प्रा. पी. पी. सिंग यांनी लाहोरला पंजाब विद्यापीठात असा विभाग काढला होता. फाळणीनंतर तो दिल्लीला आणि पुढे चंदीगडला गेला. मद्रास, कलकत्ता व म्हैसूर येथेही शिक्षण सुरू झाले होते. त्या मालिकेत नागपूर आले.

आता यात आपला लाभ कोणता, ते पाहा. त्या दिवसांत पत्रकार कसा तयार होत असे? संपादकाच्या हाताखाली उमेदवारी करून. उमेदवारी कोणाला मिळे? ज्याचा मामा, काका किंवा शेजारी छापखान्यात, कचेरीत, संपादकाच्या बैठकीत असे, त्याला. ज्याच्या सात पिढ्यांत कोणी वर्तमानपत्राच्या कचेरीचा उंबरा ओलांडला नव्हता, त्याने ती विद्या कोणाकडून शिकावी? जी विद्या घराण्याच्या ओळखीने मिळते, ती विद्या घराण्यातच राहते. ती विद्या ज्या दिवशी वर्गात येते, तिचा अभ्यासक्रम छापला जातो, प्रवेशाचा अर्ज कोणालाही भरता येतो, परीक्षा नाव झाकून तपासली जाते, त्या दिवशी निदान नियमाने तरी ती सर्वांची होते. वर्गाचे दार उघडले म्हणजे आत सर्वांना सारखी जागा मिळते, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे भोळेपणाचे ठरेल. परंतु बंद दारावर डोके आपटणे आणि उघड्या दारातून आत जाऊन जागेसाठी भांडणे यांत महदंतर आहे. मी स्वतः वकील झालो, तो घरात वकिली होती म्हणून नव्हे. विधी महाविद्यालयाच्या प्रवेशाची यादी गुणांनी लागत होती म्हणून. विद्या वर्गात आणणारा शिक्षक हा या अर्थाने आपला मित्र असतो. मग तो कोणत्याही देशाचा वा धर्माचा असो.

वुल्सलींनी नागपुरात केवळ वर्ग घेतले नाहीत. हिंदुस्थानातील पत्रकारितेवर त्यांनी एक ग्रंथ संपादित केला; तो १९५३ साली मुंबईच्या एशिया पब्लिशिंग हाउसने प्रसिद्ध केला आणि १९६४ साली त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली. येथील विद्यार्थ्याला येथील वृत्तपत्रांची माहिती देणारे पुस्तक हवे, परदेशी पुस्तकांच्या घोकंपट्टीने भागणार नाही, ही त्यामागील दृष्टी होती.

मात्र एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. नागपुरात पत्रकारितेचा वर्ग उघडण्याच्या पुष्कळ आधीपासून त्याच नागपुरात आपल्या समाजाची पत्रकारिता चालू होती. किसन फागूजी बनसोडे यांनी १९१० साली 'निराश्रित हिंद नागरिक' काढले. पुढे 'विटाळ विध्वंसक', 'मजूर पत्रिका' आणि 'चोखामेळा' ही पत्रे चालविली. त्यांच्याही आधी, १९०८ साली, पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी 'सोमवंशीय मित्र' सुरू केले होते. या माणसांना कोणी पत्रविद्या शिकविली नव्हती. गरज हीच त्यांची शाळा होती.

समुद्रापलीकडचे आपले सोबती

आता दुसरी गोष्ट. १९७१ साली, म्हणजे निवृत्तीच्या उंबरठ्यावर, वुल्सलींनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. 'द ब्लॅक प्रेस, यू. एस. ए.' हे त्याचे नाव. १९९० साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली. गोऱ्या समाजात जन्मलेल्या प्राध्यापकाने आपल्याच देशातील तुडविलेल्या समाजाच्या वृत्तपत्रांना पत्रविद्येच्या अभ्यासात जागा दिली, ही लहान गोष्ट नव्हे.

त्या वृत्तपत्रांचा इतिहास आपण वाचला, तर तो आपलाच इतिहास वाचल्यासारखे वाटते. १६ मार्च १८२७ रोजी न्यूयॉर्क येथे सॅम्युअल कॉर्निश व जॉन रसवर्म यांनी 'फ्रीडम्स जर्नल' हे कृष्णवर्णीयांचे पहिले वृत्तपत्र काढले. इतरांनी आजवर आमच्या वतीने पुष्कळ बोलून घेतले, आता आमची बाजू आम्ही मांडणार, असा त्यांच्या पहिल्या अंकाचा आशय होता. ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत 'मूकनायक' निघाले, त्याच्या नावातच हा आशय भरलेला आहे. मधे त्र्याण्णव वर्षे आणि दोन महासागर. पण वेदना एक, म्हणून उपायही एक.

१८९२ साली मेम्फिस शहरात आयडा वेल्स या बाईंनी आपल्या पत्रातून कृष्णवर्णीयांना जमावाने ठार मारण्याच्या प्रकाराविरुद्ध लिहिले, तेव्हा जमावाने त्यांच्या वृत्तपत्राची कचेरीच उद्ध्वस्त केली. १९०५ साली रॉबर्ट ॲबट यांनी शिकागोत 'डिफेंडर' काढले. दक्षिणेकडील गावांत हे पत्र उघडपणे विकणे धोक्याचे होते; तेव्हा आगगाडीच्या शयनडब्यांत काम करणाऱ्या कृष्णवर्णीय हमालांनी त्याचे गठ्ठे आपल्या सामानातून गावोगाव पोचविले. आपल्या खानदेशात आगगाडीचे महत्त्व मी आपणांस वेगळे सांगावयास नको. सुरत-भुसावळ मार्गावर ज्यांचे बालपण गेले, त्यांना गाडीबरोबर केवळ माल नव्हे, विचारही येतो, हे ठाऊक आहे.

या पत्रांचा शेवट बहुधा कसा होतो, तेही पाहण्यासारखे आहे. 'फ्रीडम्स जर्नल' दोन वर्षांत, १८२९ साली बंद पडले. 'मूकनायक' फार काळ टिकले नाही. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती, तरीही नाही. ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झालेले 'बहिष्कृत भारत' १९२९ च्या नोव्हेंबरात थांबले; त्याचे रकानेच्या रकाने पूज्य बाबासाहेबांना स्वतःच्या हाताने भरावे लागत होते. याचे कारण वाचकांची अनास्था, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. खरे कारण असे की, वर्तमानपत्र वर्गणीवर थोडे व जाहिरातीवर अधिक चालते. ज्या समाजाच्या हातात दुकान नाही, कारखाना नाही, त्याच्या पत्राला जाहिरात कोण देणार? वाचणारे थोडे, त्यांतही एका अंकाभोवती दहा जण बसून ऐकणार; म्हणजे ऐकणारे दहा आणि वर्गणी एक! अशा स्थितीत पत्र निघते हेच आश्चर्य. २४ नोव्हेंबर १९३० रोजी निघालेले 'जनता' पंचवीस वर्षे चालून ४ फेब्रुवारी १९५६ पासून 'प्रबुद्ध भारत' झाले, ही त्या आश्चर्यातली पराकाष्ठा होय.

पत्र बंद पडले, तरी त्याचे अंक शिल्लक राहिले तर ते पुन्हा बोलू लागते. अंकच नष्ट झाले, तर ते दुसऱ्यांदा मरते. हे दुसरे मरण टाळणे वाचकाच्या हातात असते. येथूनच मी आपल्या पेटीकडे वळतो.

कागद राहिला म्हणून गोष्ट राहिली

वुल्सलींच्या आयुष्याचे कागद सिरॅक्यूज विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्यांच्या नावाने जतन झालेले आहेत. अशा संग्रहाला ग्रंथपाल 'वैयक्तिक कागदपत्रे' म्हणतात. अशा संग्रहांत काय असते? आलेली पत्रे, गेलेल्या पत्रांच्या नकला, व्याख्यानांची टिपणे, लेखांचे कच्चे खर्डे, कात्रणे. छापलेला ग्रंथ हा माणसाचा निर्णय असतो. त्याचे कागद हे त्या निर्णयापर्यंतचे पुरावे असतात. न्यायालयात आम्ही निकालपत्राइतकेच रोजनाम्याला महत्त्व देतो, ते याच कारणाने. ग्रंथपाल हे कागद ज्या क्रमाने आले त्या क्रमाने ठेवतात, पेट्यांना अनुक्रमांक देतात आणि सूची तयार करतात. सूची नसलेला संग्रह म्हणजे पत्ता नसलेले पत्र.

असे कागद जपल्याने काय होते, याचे एक उदाहरण देतो. ते ऐकल्यावर आपणांस दुसऱ्याची गरज राहणार नाही. डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे थोर विद्वान व 'द क्रायसिस' या मासिकाचे १९१० पासूनचे संपादक. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा हे मासिक त्याच न्यूयॉर्क शहरातून निघत होते. १९४६ साली बाबासाहेबांनी द्यु बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे दाद मागणारा अर्ज केला होता, त्याच्या प्रती त्यांना हव्या होत्या. अस्पृश्यांनीही तोच मार्ग अनुसरावा, असा विचार त्यामागे होता. ३१ जुलै १९४६ रोजी द्यु बॉइस यांनी उत्तर दिले, अर्ज पाठविण्याचे मान्य केले आणि हिंदुस्थानातील अस्पृश्यांविषयी आपली सहानुभूती कळविली.

ही हकीकत आज आपणांस कशी कळते? द्यु बॉइस यांनी आलेले पत्र ठेवले आणि स्वतःच्या उत्तराची नक्कलही ठेवली म्हणून. त्यांची कागदपत्रे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील ग्रंथालयात आहेत, आणि आज ती दोन्ही पत्रे नंदुरबारमध्ये बसून कोणाही विद्यार्थ्याला भ्रमणध्वनीवर पाहता येतात. एका माणसाने एक कागद फाडला नाही, म्हणून दोन खंडांतील दोन पीडित समाजांच्या हस्तांदोलनाचा पुरावा जगाला मिळाला.

आता आपल्या घरचा दाखला. ६ डिसेंबर १९५६ नंतर बाबासाहेबांचे हस्तलिखित कागद अनेक वर्षे न्यायालयीन ताब्याच्या व वादाच्या फेऱ्यांत होते. पुढे महाराष्ट्र शासनाने प्रकाशनाचे काम हाती घेतले, नागपूरचे वसंत मून यांच्याकडे संपादन आले आणि १४ एप्रिल १९७९ रोजी पहिला खंड बाहेर पडला. म्हणजे महापरिनिर्वाणानंतर बावीस वर्षांनी! 'मूकनायक' व 'बहिष्कृत भारत' यांचे अंक शोधावे लागले. ज्यांनी ते कोणाच्या सांगण्यावाचून घरात जपले होते, त्यांच्यामुळे ते मिळाले. आपल्याच खानदेशातील भुसावळहून रत्नाकर गणवीर यांनी १९७६ साली 'बहिष्कृत भारता'तील अग्रलेख पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. शासनाची खंडमाला सुरू होण्यापूर्वी खाजगी जिद्दीने हे काम झाले, याचा आपण अभिमान बाळगावा.

धुळ्याला इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ सालापासून आहे. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून जुने कागद जमविले. पण ते कागद कोणाच्या घरी सापडले? ज्यांच्याकडे वाडा होता, वतन होते, त्यांच्या घरी. झोपडीत कागद नव्हता, म्हणून इतिहासात झोपडी नव्हती. आता आपल्या झोपडीचे घर झाले, घरात कागद आला. यापुढे इतिहासात आपण नसलो, तर तो दोष केवळ दुसऱ्यांचा राहणार नाही.

माझी स्वतःची कबुली

दुसऱ्यांना उपदेश करणाऱ्याने आपली चूक आधी सांगावी. माझे वडील गावाकडच्या बातम्या एका साप्ताहिकाला पाठवीत. मानधन नव्हते; पोस्टकार्डाचा खर्चही पदरचा. पाण्याची टाकी सर्वांना खुली झाली की नाही, जयंतीच्या मिरवणुकीला वाट कोणी अडविली, शाळेतल्या मुलींची संख्या किती वाढली, अशा त्या बातम्या असत. प्रत्येक बातमीची नक्कल ते वहीत उतरवून ठेवीत आणि छापून आली की तारीख घालीत. अशा अकरा वह्या होत्या. ते गेल्यावर आम्ही जुने घर पाडून नवे बांधले. सामान हलविण्याच्या घाईत मी त्या वह्या रद्दीच्या गठ्ठ्यात बांधल्या. कायद्याची पदवी मिळवून मला तेव्हा सहा वर्षे झाली होती! पुढे गावातील एका सार्वजनिक जागेच्या दाव्यात ती जागा पूर्वी कोणाच्या वहिवाटीत होती हा प्रश्न निघाला, तेव्हा आई म्हणाली, "तुझ्या बापानं हे समदं लिहून ठेवलं होतं." मी मान खाली घातली. त्या वह्यांनी दावा जिंकला असता की नाही, हे सांगता येत नाही. पण गावातील आपल्या माणसांनी तीस वर्षे काय भोगले व काय मिळविले, याची जी एकुलती एक नोंद होती, ती मी किलोच्या भावाने विकली. माझे वडील कोणत्याही विद्यापीठात शिकले नव्हते. तरीही ते पत्रकार होते, आणि त्यांची दप्तरे सिरॅक्यूजच्या पेट्यांइतकीच जपण्यायोग्य होती.

कायदा काय म्हणतो

आता वकील म्हणून चार गोष्टी.

पहिली : कायदा जुन्या कागदाला मान देतो. तीस वर्षांपूर्वीचा दस्तऐवज योग्य ताब्यातून हजर केला, तर त्यावरील सही व हस्ताक्षर खरे असल्याचे न्यायालय गृहीत धरू शकते. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ९० मध्ये ही तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ती कलम ९२ मध्ये आहे. 'योग्य ताबा' या दोन शब्दांकडे लक्ष द्या. कागद जेथे असावयास हवा तेथे तो सापडला पाहिजे. आपली पत्र्याची पेटी हाच तो योग्य ताबा.

दुसरी : जातीच्या दाखल्याची पडताळणी. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख आधारभूत धरली जाते. त्यापूर्वीचा कागद मागितला जातो. १९९० साली संसदेने दुरुस्ती करून बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या आदेशात स्थान दिले. म्हणजे ज्यांच्या दाखल्यावर आज 'बौद्ध' आहे, त्यांनाही धर्मांतरापूर्वी घराणे कोणत्या जातीत गणले जात होते, हे कागदाने दाखवावे लागते. काही तरुण मला विचारतात, "जे आपण टाकून दिले, त्याचा कागद कशाला जपावा?" त्यांना माझे उत्तर असे : जखम बरी झाली, तरी डॉक्टरचा दाखला आपण फाडीत नाही. जात ही ओळख म्हणून जपावयाची नाही. आपल्यावर झालेल्या अन्यायाचा पुरावा म्हणून तिचा कागद जपावयाचा आहे. आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूचा उतारा, जुने खरेदीखत, नोकरीचे सेवापुस्तक, यांपैकी एक कागद नसल्याने मुलीचा प्रवेश अडतो, तेव्हा त्या कागदाची किंमत कळते.

तिसरी : आपल्या शेजारच्या आदिवासी बांधवांची. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर येथील वनहक्काच्या दाव्यांत कागदाचे महत्त्व आपण पाहतोच. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांत गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही पुरावा म्हणून धरले आहे. म्हणजे ज्यांच्या पेटीत कागदच नाही, त्यांनी हताश होण्याचे कारण नाही; म्हातारी माणसे जिवंत आहेत तोवर त्यांचे बोलणे लिहून घ्यावे, तारीख घालावी, त्यांचा अंगठा घ्यावा. जिभेवरचा इतिहास कागदावर आणणे हेच पत्रकाराचे काम असते.

चौथी : पत्राची मालकी. आपल्याला आलेले पत्र हा कागद आपला. पण त्यातील मजकूर छापण्याचा हक्क लिहिणाऱ्याचा व त्याच्या वारसांचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तो लेखकाच्या हयातीत व नंतर साठ वर्षे राहतो. यामुळेच बाबासाहेबांच्या हयातीत छापलेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून कोणालाही छापता येते. त्यांच्या पश्चात प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाची साठ वर्षे मात्र त्या प्रसिद्धीपासून मोजली जातात. कोणी संशोधक किंवा संस्था कागद मागावयास आली, तर द्यावेत. परंतु काय दिले याची यादी करून, सही घेऊन, आणि मूळ देत असल्यास आपल्याकडे नक्कल ठेवूनच.

उद्या सकाळी करण्याचे काम

आता घरी गेल्यावर काय करावे, ते थोडक्यात सांगतो. पेटी ओलीच्या भिंतीपासून दूर, जमिनीपासून वर ठेवावी. टाचण्या काढाव्यात, त्या गंजून कागद खातात. रबर बांधू नये, चिकटपट्टी लावू नये. जुना कागद लॅमिनेट करू नये, कारण तो मग पुन्हा मोकळा होत नाही. धुतलेल्या सुती कापडात दप्तर बांधावे. कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावा आणि पावसाळ्यानंतर एकदा पेटी उघडून वाळवी पाहावी. प्रत्येक कागदाचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर घेऊन ते दुसऱ्या एका नातेवाइकाकडेही ठेवावे. आणि एका साध्या वहीत यादी करावी. घरातील स्त्रियांचे कागद वगळू नयेत. बचत गटाची वही, माहेरहून आलेली पत्रे, अंगणवाडीच्या नोंदी, हाही इतिहासच आहे, आणि तो सर्वांत आधी रद्दीत जातो.

शेवटी पुन्हा त्या शिक्षकाकडे येतो. पत्रविद्येच्या कोणत्याही वर्गात पहिल्या दिवशी सहा प्रश्न शिकवितात : कोण, काय, केव्हा, कुठे, का आणि कसे. या सहांची उत्तरे असली म्हणजे बातमी पुरी झाली. आपल्या पेटीतील फोटो काढा. त्यात मध्यभागी बसलेल्या आजोबांना आपण ओळखता. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या बाई कोण, हे घरातील सर्वांत वृद्ध माणसाला आजच विचारा. मऊ पेन्सिलीने फोटोच्या मागे ही सहा उत्तरे लिहा. हे करण्यास पदवी लागत नाही, पैसा लागत नाही. अर्धा तास लागतो. ज्या अर्ध्या तासात मी अकरा वह्या बांधून दिल्या, तेवढाच.

माझ्या हातून जे गेले, ते परत येणार नाही. आपली पेटी अजून घरात आहे. ती या आठवड्यात उघडा, एवढेच आपणांस विनवून मी आपली रजा घेतो.